माणसांची रोजकीर्द कशी लिहावी

चप्पल लाइनीतल्या एका दुकानदाराला मी तीन वर्षं लहरी समजत होते. मी कोल्हापुरात पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची लहान बचत, गोळा करायचे. १९९३ पासून २०२२ पर्यंत गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, गुजरी, भाऊसिंगजी रोड असा माझा रोजचा फेरा होता. हे दुकानदार एरवी खुर्ची पुढं करायचे, पाणी विचारायचे. आणि मधेच काय व्हायचं कोण जाणे, दारातूनच "उद्या या" म्हणून मान फिरवायचे. मी वहीत लिहून ठेवलं होतं : "लहरी माणूस. मनात आलं तर बोलतो."

चौथ्या वर्षी एका रविवारी मागच्या वह्या काढल्या आणि त्यांच्या सगळ्या नोंदी एका कागदावर तारखेनं उतरवल्या. "उद्या या" सगळे जून ते सप्टेंबरातले निघाले. कातडी चप्पल पावसात कोण घेणार? पाणी लागलं की कातडं फुगतं, मऊ पडतं, शिवण सैल होते. लग्नसराईत ज्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तिथं आषाढात माशाही येत नाहीत. त्या माणसाकडं चार महिने पैसेच नसायचे, आणि पैसे नाहीत हे एका बाईला तोंडानं सांगायची त्यांना लाज वाटायची. पुढच्या जूनमध्ये मीच म्हणाले, "मामा, पावसाळाभर आठवड्यातनं एकदा येते. असंल ते द्या." त्यांनी काही न बोलता खुर्ची पुढं केली. नंतर ती खुर्ची मला श्रावणातही मिळत राहिली.

त्या दिवशी "लहरी" हा शब्द खोडला, आणि रोजनिशी लिहायची माझी पद्धत तिथून सुरू झाली. आता माझ्याकडं ४१ वह्या आहेत. शेजारच्या मुली, भाच्या, फेऱ्यातली जुनी माणसं विचारतात की लिहायचं कसं, म्हणून हे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट : विशेषण लिहायचं नाही. चांगला, वाईट, स्वार्थी, प्रेमळ, आगाऊ, चिकट हे शब्द वहीत बंद. माणसानं काय केलं ते लिहा, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, कुठं आणि कधी ते लिहा. "आज जाऊबाई फार टोचून बोलल्या" ही नोंद दहा वर्षांनी काही कामाची नसते. "जाऊबाई : 'तुमच्याकडं काय, बाहेरचं मागवता येतं.' भाकरी थापत होत्या. त्यांच्या हाताला भाजलेलं होतं." ही नोंद कामाची. पहिलीत फक्त तुमचा राग राहतो. दुसरीत जाऊबाई राहतात, त्यांचा भाजलेला हातही राहतो, आणि कधीतरी शांतपणे वाचताना तो हात तुम्हाला दिसतो.

स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. मला वाटतं, आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातलं निम्मं तरी दिवसाची वेळ, महिन्याची तारीख, झोप आणि पोट असतं. एकोणतीस वर्षं मी रोज त्याच माणसांना भेटले. पिग्मीचं काम तसंच आहे. उडुपीच्या एका बँकेनं १९२८ साली रोज दोन-दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढं आमच्याकडच्या पतसंस्थांनी गल्लोगल्ली नेली. दहा रुपये, वीस रुपये, पन्नास रुपये. रक्कम लहान, पण माणूस रोज पैसे काढताना दिसतो. पैसे काढताना माणूस खोटं वागू शकत नाही, हे माझं ठाम मत आहे. कुणी गल्ल्यातून न मोजता देतो. कुणी वरच्या खिशातली नोट परत ठेवून आतल्या खिशातली मळकी काढतो. कुणी आधी "किती झाले आत्तापर्यंत?" विचारतो आणि मगच हात खिशात घालतो. एक बाई पदराच्या गाठीतून काढताना दरवेळी नवऱ्याकडं पाठ करायच्या. मी हे सगळं लिहिलं, कारण लिहिलं नाही की आपण आठवड्याभरात त्या माणसाचं एका शब्दात लोणचं घालून ठेवतो.

वही कसली घ्यावी? दोनशे पानी, शिवलेली, एकेरी रेघांची. तारेची नको, तिची पानं पाचव्या वर्षी सुटायला लागतात. छापील डायरीही मला नको वाटते. रोज एक पान अशी आखणी असली की ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी पान भरायसाठी आपण उगाच मनातलं ओततो, आणि ज्या दिवशी खूप घडलं त्या दिवशी जागा पुरत नाही. पेन साधं बॉलपेन. जेल पेन आणि शाईचं पेन वापरू नका, कारण पुढं सांगते.

वेळेबद्दल माझं सगळ्यांशी भांडण आहे. लोक रात्री झोपताना लिहितात. मी सकाळी लिहिते, काल काय झालं ते. चहा ठेवायच्या आधी, पाच-सहा ओळी. रात्री दमलेला माणूस निकाल देतो, सकाळी उठलेला माणूस साक्ष देतो. शिवाय रात्रीत जे विसरलं ते बहुतेक विसरण्यासारखंच असतं. एखादा दिवस राहिला तर तारीख टाकून जागा मोकळी सोडा, मागाहून आठवून भरू नका.

भाषा तुमची स्वतःची हवी. मी इथं "जाते, करते, म्हणाले" असं लिहिते आहे, शाळेत शिकवलं तसं. पण आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात "मी जातो, मी करतो, मी आलो" असंच बोलतो, आणि माझ्या वहीत मी "गेलो" आणि "आलो" आहे. पहिल्या दोन वह्यांत मी शुद्ध लिहायचा प्रयत्न केला होता. त्या आज वाचताना वाटतं, दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा दिवस वाचतोय. माणसांचं बोलणंही तसंच उतरवा. "त्यांनी नकार दिला" लिहू नका. "न्हाई जमत बघा आता" लिहा. त्या "बघा"मध्ये माणूस आहे.

सराव करायचा असेल तर शंभर सेकंद बघायला शिका. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागेवर उभं राहिलं होतं. मी पापाच्या तिकटीला होते. त्या शंभर सेकंदांची माझी नोंद अकरा ओळींची आहे, एरवीच्या दुप्पट. एका रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून चप्पल काढली. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवायला विसरली आणि हात थरथरेपर्यंत तशीच धरून राहिली. एका पोराच्या हातातली आईसकांडी मनगटावरून ओघळत होती, त्यानं चाटली नाही. कुणाचंही नाव मला माहीत नाही, पण त्या तिघांना मी आज ओळखेन. तुम्हाला असा दिवस मिळेलच असं नाही. बँकेच्या रांगेत, के.एम.टी.च्या थांब्यावर, गंगावेशीत म्हशीची धार निघेपर्यंत पेला घेऊन थांबता तेव्हा, शंभरपर्यंत आकडे मोजा आणि तेवढ्यात काय काय झालं ते आठवून लिहा.

नावांचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. वही घरात असते आणि घरात माणसं असतात. मी नावं लिहित नाही. प्रत्येकाला एका वस्तूचं नाव देते. "छत्री", "कुलूप", "अडकित्ता". वस्तू निवडताना टोमणा मारू नका, नाहीतर विशेषण मागच्या दारानं आत येतं. त्या माणसाबरोबर तुम्ही खरोखर पाहिलेली वस्तू घ्या. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं नाव वहीत "चटणी" आहे. आम्ही दोघी दर उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कांदा-लसूण चटणी करून आणायला बरोबर जातो. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, आणि डंक चालू झाला की दोघी एकमेकींकडं पाठ करून शिंकत बसतो. घरच्यांना मी सरळ सांगून ठेवलंय की वही माझी आहे आणि तुम्ही त्यात आहात. ज्यानं वाचली त्यानं पुढचं पान स्वतः लिहायचं. अजून कुणी लिहिलेलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी एकदा मागं बघायचं. नुसतं उलगडून वाचू नका, एकाच तारखेच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी काढा. मी ९ नोव्हेंबर धरते, कारण तो अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत जातात. ढग असले, धूळ असली तर काही वर्षी पोचत नाहीत. महाद्वाराशी त्या वेळी माझा फेरा असायचा, म्हणून नोंद हमखास आहे. आणि ९ नोव्हेंबर २०१६ ची नोंद मी अनेकांना वाचून दाखवली आहे. आदल्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या होत्या, बँका त्या दिवशी ग्राहकांना बंद होत्या. रोज वीस रुपये देणारे लोक पाचशेची नोट पुढं करत होते. "घ्या की हो, तुमचं कुठं काय जातंय." मी घेतल्या नाहीत, त्यावरून तिघे चिडले. ते तिघेही माझ्या दृष्टीनं सरळ माणसं होती आणि आहेत, त्या दिवशी घाबरली होती. आणि एका चहाच्या गाडीवाल्यानं मला त्याचे नेहमीचे वीस रुपये सगळे नाण्यांत दिले. म्हणाला, "मावशी, आज सुट्ट्याला लई किंमत हाय. तुमच्याकडंच असू देत." त्याला स्वतःला गिऱ्हाइकाला परत द्यायला सुट्टे लागणार होते.

मागच्या वर्षांच्या ९ नोव्हेंबरला त्याच माणसाची काय नोंद होती ते पाहिलं. २०१२ : "गाडीवाला. दूध संपलं म्हणून शेवटचा कप मला, स्वतः कोरा." २०१४ : "गाडीवाला. पिग्मी नाही. पोराची फी." मी त्याच्याबद्दल एकही विशेषण लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही पडलेली नाही.

आता मैत्रीची गोष्ट. तिच्यासाठी वेगळी वही लागते.

दुकानात दोन वह्या असतात. रोजकीर्द म्हणजे त्या त्या दिवशी घडेल तसं उतरवलेलं, आणि खतावणी म्हणजे तेच माणसांच्या नावानं वेगवेगळ्या खात्यांत मांडलेलं. मी वर्षाच्या शेवटी, दिवाळी झाल्यावर, रोजकीर्दीतून जवळच्या सात-आठ जणांची खतावणी काढते. पण खात्याला बाजू एकच ठेवते. त्या माणसाकडून मला काय मिळालं तेवढंच. मी काय दिलं ते लिहायचं नाही. हिशेब शिकलेला कुणीही म्हणेल की हे खातं अर्धंच आहे. बरोबर आहे. दिलेलं न लिहिताही लक्षात राहतं, व्याजासकट राहतं. मिळालेलं मात्र लिहिल्याशिवाय टिकत नाही. दोन्ही बाजू लिहिल्या की माणूस बाकी काढायला बसतो, आणि मैत्रीत बाकी काढायला बसलेल्या माणसाला मी आजवर खूश झालेला पाहिलेलं नाही.

हे मला २०१२ च्या दिवाळीनंतर कळलं. आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझी आई अकरा दिवस दवाखान्यात होती. चटणी त्या अकरा दिवसांत एकदाही आली नाही, असं माझ्या मनात पक्कं होतं. मी ते तिला बोलले नाही, इतर सगळ्यांना बोलले. आमचं बोलणं बंद झालं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी डंकावर एकटी गेले. पुढं दिवाळीनंतर खतावणी काढायला बसले तेव्हा राहून गेलेली २०११ ची वहीही हाताशी होती, आणि तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत तीन शब्द सापडले : "सकाळी डबा – चटणी." सहाव्या दिवशी पुन्हा : "डबा, चटणी. भावाशी बोलून गेली." ती सकाळी यायची, मी आंघोळीला घरी गेलेली असायचे. भावानं मला सांगितलं होतं, मी ते लिहिलंही होतं, आणि माझ्या हातानं लिहिलेलं मी वर्षभर खोटं पाडत फिरत होते.

मी तशीच उठून तिच्याकडं गेले. वही नेली नाही. हा नियम मी त्या आधीही पाळत होते आणि आजही पाळते : वही भांडणात न्यायची नाही, आणि माफी मागायलाही न्यायची नाही. वही दाखवली की बोलणं पुराव्याचं होतं. दारात उभी राहून म्हणाले, "तू डबा आणलेलास. मी विसरले." ती म्हणाली, "भात मऊ झालता का?" मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, आईनं खाल्ला." तिनं आत वळून सांगितलं, "बस. च्या टाकतो."

हे लिहिताना अजून माझा घसा दाटतो, म्हणून पुढं सरकते.

वह्या जपायच्या कशा, तेही सांगायला हवं, कारण हे कोल्हापूर आहे. मी शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत राहते. आमच्याकडं पावसाळ्यात कुणी भेटलं की आधी "पाणी किती?" विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मी जुलै-ऑगस्टात प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तो आकडा लिहिते. तुमच्या गावची नदी, धरण, विहीर, जे असेल त्याचा आकडा तुम्हीही लिहा. माणसं त्या दिवशी अशी का वागली याचं उत्तर पुष्कळदा त्या आकड्यात असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये घरात कमरेएवढं पाणी आलं. वह्या माळ्यावर होत्या, पण घाईत बाहेर काढताना एक गठ्ठा पायरीवरून निसटून पाण्यात पडला. नऊ वह्या भिजल्या. बॉलपेननं लिहिलेल्या सात वाचल्या, एक अक्षर गेलं नाही. जेल पेनच्या दोन निळ्या ढगासारख्या झाल्या. भिजलेली वही उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. पंख्याखाली उभी ठेवा, दर दहा-पंधरा पानांमागं कोरा कागद घाला, तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई उतरते. पूर्ण सुकायला मला तीन आठवडे लागले. सुकल्यावर वजनाखाली दाबून ठेवा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर टाका.

त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, आणि शहर पाण्यानं वेढलेलं असताना पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही टँकरच्या रांगेत होतो. माझ्या खतावणीत त्या आठ दिवसांच्या जितक्या नोंदी आहेत तितक्या एरवी वर्षभरात नसतात. कुणी घागर धरली, कुणी कोरडी साडी दिली, कुणी मोबाइल चार्ज करून आणला. यातले निम्मे लोक मला नावानंही माहीत नव्हते. त्यांच्यासाठी मी शेवटी एक वेगळं खातं उघडलं, वरती लिहिलं "अनोळखी". ते खातं तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा. मला २६ वर्षांनी सुचलं.

आणखी एक. खतावणीतलं एखाद्याचं खातं त्याला कधी दाखवावं का? मी एकदाच दाखवलं. गेल्या वर्षी चटणीच्या साठाव्या वाढदिवसाला तिच्या खात्याची पानं एका वहीत स्वच्छ अक्षरांत उतरवून तिला दिली. तिनं चष्मा लावला, पलंगावर मांडी घातली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात कुकरकडं बघत उभी होते. बराच वेळ आवाज नाही. मग तिनं हाक मारली.

"अगं, हे १९९८ चं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"भाकरी जुंधळ्याची लिहिलीस. नाचण्याची होती ती. मी नाचण्याचं पीठ गावाकडनं आणलतं त्या साली."

मी मूळ वही काढली, त्या ओळीवर एक रेघ मारली, शेजारी "नाचण्याची" लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली.